पंसुकूल आणि चित्रफीत : दुसऱ्या शीलाच्या दृष्टीने एक विचार

कोल्हापूरच्या शाहूपुरीचा इतिहास हा प्रामुख्याने व्यापाराचा इतिहास आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली ही पेठ वसविली आणि गुळाच्या व्यवहाराने तिला नावलौकिक मिळवून दिला. गुळाच्या सौद्यात देणारा, घेणारा आणि तोलणारा हे तिघेही एकमेकांसमोर उभे असतात. गुळाचा रवा एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेला, की तो पहिल्यापाशी उरत नाही. त्यामुळे चोरी कशाला म्हणावे याविषयी पेठेत फारसा संभ्रम नसतो. परंतु पेठ वसल्यानंतर पाव शतकाच्या आतच याच नगरात अशा एका वस्तूची निर्मिती सुरू झाली, की जिची प्रत काढली तरी मूळ वस्तू जागची हलत नाही. ती वस्तू म्हणजे चित्रपट होय.

जुन्या चित्रपटांच्या प्रिंट आज भंगारबाजारात, बंद पडलेल्या चित्रगृहांच्या अडगळीत आणि वितरकांच्या जुन्या गोदामांत सापडतात. काही हौशी संग्राहक त्या विकत घेतात, स्वच्छ करतात, एकेक चौकट स्कॅन करून संगणकावर उतरवितात आणि तयार झालेली प्रत इतरांना विनामूल्य देतात. बहुधा कोणाचीही परवानगी त्यांनी घेतलेली नसते. हे दान म्हणावे, की न दिलेली वस्तू घेणे, म्हणजेच अदिन्नादान म्हणावे? दुसरे शील ग्रहण केलेल्या उपासकापुढे हा प्रश्न येतोच, कारण आपल्या समाजाच्या स्मृतीचा एक मोठा भाग अशाच प्रतींच्या प्रतींतून घरोघर पोहोचलेला आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार इतिहास आणि विनय या दोहोंच्या आधारे करावयाचा आहे.

कोल्हापूरचा ठेवा आणि त्याचा नाश

बाबूराव पेंटर यांनी स्वतःचा कॅमेरा स्वतः घडविला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. तिचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० साली आला. त्याच वर्षी मार्च महिन्यात माणगाव येथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली आणि शाहू महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाचे जाहीर स्वागत केले. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. परंतु एकाच संस्थानात, एकाच वर्षी, मूक समाजाला वाणी लाभत होती आणि मुक्या चित्रांना गती लाभत होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे १९२५ साली पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून शहरातील गिरणीची वाट धरणारा शेतकरी हा त्याचा विषय होता. १ जून १९२९ रोजी याच नगरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली आणि १९३३ मध्ये ती पुण्यास गेली.

या ठेव्याचे पुढे काय झाले? ‘सावकारी पाश’चा मूळ मूकपट आज पाहावयास मिळत नाही. पेंटरांनीच १९३६ साली तो बोलपटाच्या रूपाने पुन्हा काढला, ही गोष्ट वेगळी. संपूर्ण भारतात तेराशेहून अधिक मूकपट निर्माण झाले असे मानले जाते आणि त्यांपैकी पूर्ण वा अंशतः शिल्लक असलेले तीसच्या आसपास आहेत. नाशाची कारणे अनेक आहेत. साधारणतः १९५१ पर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही होती. फिल्मवरील चांदी काढून घेण्यासाठी जुनी रिळे धुतली गेली. माणसाच्या क्रोधानेही आपला वाटा उचलला. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर झालेल्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा कोल्हापुरातील स्टुडिओ भस्मसात झाला आणि ‘मीठभाकर’ हा चित्रपट त्यांना पुन्हा चित्रित करावा लागला.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यास १९६४ साली स्थापन झाले. पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने आयुष्य वेचून तेथे रिळे गोळा केली, म्हणून फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा (१९१३) काही भाग तरी आपण पाहू शकतो. परंतु सरकारी संग्रहही नाशापासून मुक्त नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत तेथे ठेवलेली शेकडो नायट्रेट रिळे जळाली. तात्पर्य, एकाच ठिकाणी ठेवलेली एकच प्रत ही कधीही सुरक्षित नसते.

याचा एक विलक्षण पुरावा युरोपात मिळतो. मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाचा ‘नोस्फेरातू’ (१९२२) हा चित्रपट एका कादंबरीवर परवानगीवाचून बेतलेला होता. लेखकाच्या विधवेने दावा लावला आणि १९२५ साली न्यायालयाने त्याच्या सर्व प्रती नष्ट करण्याची आज्ञा केली. आज तो चित्रपट जगभर अभ्यासला जातो, कारण काही प्रती इतरत्र विखुरलेल्या होत्या व त्या आज्ञेतून सुटल्या. विधवेची तक्रार न्याय्य होती आणि प्रती वाचल्या हेही इष्ट झाले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मान्य केल्याशिवाय या विषयात पाऊल टाकता येत नाही.

प्रिंट एकाची, हक्क दुसऱ्याचा

कायद्याची स्थिती थोडक्यात अशी आहे. प्रिंट ही वस्तू आणि चित्रपटाचा कॉपीराईट हा हक्क, या दोन भिन्न गोष्टी आहेत. भंगारवाल्याला पैसे मोजून रीळ घेतले म्हणजे त्यातील चित्रपटाची प्रत काढण्याचा अधिकार विकत मिळाला असे होत नाही. १९५७ च्या भारतीय कॉपीराईट कायद्यानुसार चित्रपट ज्या वर्षी प्रकाशित होतो, त्याच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे हा हक्क टिकतो. म्हणजे १९६० पर्यंत प्रदर्शित झालेल्या चित्रपटांची मुदत आता संपलेली आहे. मात्र कथा, गीते व संगीत यांचे हक्क निराळे असून ते लेखकाच्या किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत चालू राहू शकतात. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सिनेमॅटोग्राफ कायद्यातही चोरट्या प्रतींविरुद्ध कारावास व मोठा दंड यांची तरतूद झाली आहे.

हौशी संग्राहकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. सेकंदाला चोवीस चौकटी या हिशेबाने दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० चौकटी असतात. त्यांपैकी प्रत्येक चौकट धूळ पुसून, ओरखडे पाहून, रंग सांभाळून उतरवावी लागते. या श्रमाचा मोबदला त्यांपैकी अनेकांना मिळत नाही. अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’ (१९७७) या चित्रपटात त्याच्या निर्मात्याने १९९७ साली बदल करून नवी आवृत्ती आणली व पुढे तीच प्रचारात ठेवली. तेव्हा काही चाहत्यांनी १९७७ च्या चित्रगृहातील प्रिंट मिळवून त्या स्कॅन केल्या आणि लोकांनी प्रथम जे पाहिले ते जसेच्या तसे जतन केले. हक्क निर्मात्याकडे होता, पण स्मृती प्रेक्षकांकडे होती.

कायदा आपल्याला नियम देतो. बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ (१९३६) या ग्रंथात नियम आणि तत्त्व यांतील भेद स्पष्ट केला आहे. नियम काय करावे ते सांगतो, तर तत्त्व निवड करण्याची आणि त्या निवडीची जबाबदारी स्वीकारण्याची दृष्टी देते. ‘मुदत संपली, आता काहीही करावे’ आणि ‘मुदत आहे, म्हणून रीळ कुजू द्यावे’ ही दोन्ही विधाने नियमाची आहेत. तत्त्वासाठी आपल्याला शीलाकडे वळले पाहिजे. तत्पूर्वी आपल्या घरातील एका उदाहरणाकडे पाहू.

महापरिनिर्वाणाची चित्रफीत

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. पार्थिव मुंबईस आणण्यात आले आणि ७ डिसेंबरला राजगृहापासून दादर चौपाटीपर्यंत ती अभूतपूर्व अंत्ययात्रा निघाली. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी त्याच ठिकाणी लाखाहून अधिक लोकांना धम्मदीक्षा दिली. त्या दिवसाचे चित्रीकरण व्हावे, हा ध्यास साहित्यिक व चित्रपटक्षेत्रातील कार्यकर्ते नामदेवराव व्हटकर यांनी घेतला. त्यासाठी त्यांनी आपला छापखाना गहाण टाकला, अशी हकीकत सांगितली जाते. कॅमेरा, फिल्म आणि माणसे यांची एका रात्रीत जुळवाजुळव करणे म्हणजे काय, हे त्या काळातील फिल्मचे दुर्भिक्ष जाणणाऱ्यालाच समजेल.

अंत्ययात्रेची दृश्ये आज हजारो लोकांच्या भ्रमणध्वनीवर आहेत. ६ डिसेंबर जवळ आला की ती पुन्हा फिरू लागतात. कोणी त्यांवर गीत चढवितो, कोणी गती वाढवितो, कोणी कोपऱ्यात आपल्या मंडळाचे बोधचिन्ह लावतो. ही दृश्ये कोणी टिपली, कोणत्या पैशाने टिपली, याचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो.

येथे आपल्या प्रश्नाचे खरे स्वरूप स्पष्ट होते. ही दृश्ये लोकांनी पाहू नयेत, परवानगीशिवाय एकमेकांना देऊ नयेत, असे म्हणणे आपल्यापैकी कोणालाही मानवणार नाही. ज्यांना शतकानुशतके पोथीला हात लावू दिला नाही, त्यांना स्वतःच्या उद्धारकर्त्याच्या अंत्ययात्रेचे दर्शनही कोणाच्या अनुमतीवर अवलंबून ठेवावे, हे विपरीत होईल. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन करणे ही चोरी नव्हती. तळे खाजगी असल्याचा प्रतिपक्षाचा दावा अखेर १९३७ साली उच्च न्यायालयातही टिकला नाही. परंतु तळे सर्वांचे आहे याचा अर्थ ते गढूळ करण्याची मुभा आहे असा होत नाही. ज्या माणसाने छापखाना गहाण टाकला, त्याचे नाव खरवडून आपले चिन्ह लावणे हे मात्र निश्चितच न दिलेले घेणे होय.

विनयातील कसोट्या

विनयपिटकात चोरीचा नियम ज्या प्रसंगातून उत्पन्न झाला, तो प्रसंग येथे फार उद्बोधक आहे. राजगृह येथे धनिय नावाचा कुंभारपुत्र भिक्खू होता. कुटी बांधण्यासाठी त्याने राजा बिम्बिसाराच्या लाकूड-कोठारातून लाकडे नेली. ती नगराच्या दुरुस्तीसाठी व आपत्काळासाठी राखून ठेवलेली होती. ‘राजाने दिली आहेत’ असे त्याने कोठाररक्षकाला सांगितले. प्रकरण उघड झाले तेव्हा रक्षकालाच बांधून नेण्यात आले. धनियाने राजापुढे युक्तिवाद केला, की राज्याभिषेकाच्या वेळी आपण श्रमण-ब्राह्मणांना गवत, लाकूड व पाणी दिल्याचे जाहीर केले होते. राजाने उत्तर दिले, की ते अरण्यातील, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या वस्तूंविषयी होते. राजाने त्याला सोडून दिले, पण लोकांत निंदा झाली व भगवंतांनी नियम घालून दिला.

या कथेत दोन धडे आहेत. ‘कला सर्वांची असते’ यासारख्या व्यापक घोषणेचा आधार घेऊन विशिष्ट माणसाची राखीव वस्तू उचलणे, हा धनियाचाच युक्तिवाद आहे. दुसरा धडा असा, की आपल्या सैल अर्थाची शिक्षा दुसऱ्यालाच भोगावी लागते. धनिय सुटला, रक्षक बांधला गेला. चित्रगृहाचा ऑपरेटर किंवा गोदामाचा पहारेकरी विश्वासाने रीळ देतो. ते कोठून आले याची वाच्यता झाली तर नोकरी त्याची जाते, संग्राहकाची नव्हे.

दुसरी कसोटी महावग्गाच्या चीवरक्खन्धकात आहे. मित्राची वस्तू विश्वासाने घेण्यास भगवंतांनी पाच अटींवर अनुमती दिली. तो परिचित असावा, निकटचा असावा, त्याने तसे बोलून ठेवलेले असावे, तो जिवंत असावा आणि ‘मी घेतले तर तो प्रसन्नच होईल’ हे घेणाऱ्याला ठाऊक असावे. यातील पाचवी अट फार सूक्ष्म आहे. एखादा तरुण दिग्दर्शक कर्ज काढून चित्रपट करतो आणि त्याची प्रत प्रदर्शनाच्या आठवड्यातच फिरू लागते, तेव्हा तो प्रसन्न होईल असे कोणीही प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ची (२०१६) चोरटी प्रत अशीच पसरली. आपल्याच समाजातून वर आलेल्या कलावंताचा चित्रपट आपण ‘आपला’ म्हणून फुकट पाहतो, तेव्हा आपण विश्वासाने घेत नसतो, तर विश्वासाचा गैरफायदा घेत असतो.

तिसरी कसोटी पंसुकूलाची. उकिरड्यावर, रस्त्यावर किंवा स्मशानात टाकून दिलेले वस्त्र भिक्खूने घेतले तर ती चोरी नव्हे, कारण त्यावरील स्वामित्व सोडलेले असते. भंगारात वजनावर विकले गेलेले, निर्माता हयात नसलेले, निगेटिव्ह नष्ट झालेले रीळ हे आजचे पंसुकूलच आहे. परंतु विनय येथेही सावध आहे. एका भिक्खूने स्मशानातील ताज्या प्रेतावरचे वस्त्र घेतले, तेव्हा त्या देहात अद्याप आसक्त असलेल्या प्रेताने ‘माझे वस्त्र नेऊ नका’ अशी विनवणी केली, अशी कथा आहे. भगवंतांनी त्यास पाराजिक ठरविले नाही, पण न विटलेल्या प्रेतावरील वस्त्र घेण्यास मनाई केली. अर्थ उघड आहे. टाकून दिलेली दिसणारी वस्तू खरोखर टाकलेली आहे काय, कोणाचा जीव अजून तीत गुंतला आहे काय, हे पाहण्याचे कर्तव्य घेणाऱ्यावर आहे. पंसुकूल उचलल्यावर ते धुवावे, शिवावे, रंगवावे लागते. ते जसेच्या तसे बाजारात विकण्यासाठी नसते.

अयोग्य हातातील योग्य वस्तू

संग्राहकांविरुद्ध एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की त्यांच्यापैकी काहींनी रिळे गैरमार्गाने मिळविली आहेत, तेव्हा त्यांच्याकडून काही स्वीकारू नये. या आक्षेपाला अट्ठकथेत उत्तर सापडते. सिंहलद्वीपात महाभयाच्या काळी महानिद्देस हा ग्रंथ केवळ एका भिक्खूला मुखोद्गत उरला होता आणि तो भिक्खू दुराचारी म्हणून ख्यात होता. एका ज्येष्ठ थेरांनी महारक्खित थेरांना त्याच्याकडून तो शिकून घेण्यास सांगितले. त्यांनी प्रथम नकार दिला. मग ज्येष्ठ थेर स्वतः जवळ बसण्यास तयार झाले, तेव्हा त्यांनी तो शिकून घेतला. पुढे इतर अनेक थेरांनी महारक्खितांपासून तो शिकला आणि ग्रंथ वाचला. संघाने त्या भिक्खूच्या वर्तनाचे समर्थन केले नाही आणि त्याच्या दोषापायी बुद्धवचनाचा बळीही दिला नाही. अशाच भयाच्या पार्श्वभूमीवर इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात वट्टगामणी राजाच्या काळी आलुविहार येथे तिपिटक लेखनिविष्ट झाले. केवळ स्मरणावर विसंबणे धोक्याचे ठरले, म्हणून प्रती काढण्यात आल्या.

प्रती काढून वाटणे हे आपल्या परंपरेत पुण्यकर्म आहे. छापल्याची तिथी नोंदलेला, जगातील सर्वांत जुना संपूर्ण ग्रंथ म्हणून जो ओळखला जातो, तो वज्रच्छेदिका सूत्राचा चिनी अनुवाद आहे. वांग जिए नावाच्या उपासकाने ८६८ साली आपल्या मातापित्यांप्रीत्यर्थ, सर्वांना विनामूल्य वाटण्यासाठी तो सिद्ध केला, अशी नोंद त्याच्या अखेरीस आहे. त्यात देणाऱ्याचे नाव आहे, हेतू आहे आणि तिथीही आहे. हीच प्रत १९०७ साली ऑरेल स्टाईन यांनी दुनहुआंगच्या गुहेतून तेथील रखवालदारास पैसे देऊन नेली. आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. प्रत काढणे आणि मूळ वस्तूच उचलून नेणे, यांतील अंतर या एका ग्रंथाच्या चरित्रात स्पष्ट दिसते. पहिल्या कृतीने जग समृद्ध होते, दुसरीने एक स्थान रिते होते.

चारही दिशांच्या संघाचे धन

मृत भिक्खूच्या मालमत्तेविषयी महावग्गात जी व्यवस्था आहे, ती मला या प्रश्नात अखेरचा मार्ग दाखविणारी वाटते. मृत भिक्खूच्या वस्तूंचा स्वामी संघ असतो. परंतु ज्यांनी त्याची शुश्रूषा केली त्यांचे उपकार मोठे, म्हणून पात्र व चीवर संघाने त्यांना द्यावे. शुश्रूषा करणाऱ्याने ते आपण होऊन घ्यावयाचे नसते. आणि जी मोठी वस्तू असेल, ती वाटून टाकता येत नाही, कोणाला देऊन टाकता येत नाही. ती चारही दिशांच्या, आलेल्या व अद्याप न आलेल्या संघाची असते.

आपल्या समाजाचा इतिहास टिपणारी चित्रफीत ही अशी मोठी वस्तू आहे. ती पाहण्याचा हक्क सर्वांचा. जे हौशी लोक ती कुजण्यापासून वाचवितात ते रुग्णाच्या शुश्रूषकांसारखे, त्यांचे ऋण मान्य झाले पाहिजे. पण त्यांनीही तिचे स्वामी होऊ नये. बाबासाहेबांच्या लेखनाचा कॉपीराईट २०१६ च्या अखेरीस संपला. आता ते कोणीही छापू शकतो. छापणाऱ्याने पाठ शुद्ध ठेवला, तरच ते धम्मदान ठरते. चित्रफितीसही हेच लागू आहे.

म्हणून जो उपासक अशी प्रत घेतो वा देतो, त्याने काही बंधने स्वतःवर घालून घ्यावीत. टिपणाऱ्याचे नाव प्रतीसोबत राहू द्यावे, ठाऊक नसल्यास शोधावे. दृश्यांत काही मिसळू नये, काही कापू नये, आणि दुरुस्ती केल्यास तसे नमूद करावे. प्रत विकू नये. हयात निर्मात्याचे अथवा त्याच्या वारसांचे म्हणणे ऐकून घ्यावे. चालू व्यवसायात असलेला चित्रपट तिकीट काढूनच पाहावा. मूळ रीळ हाती असेल तर ते कपाटात कुलूपबंद न ठेवता संग्रहालयाकडे सोपवावे आणि एक प्रत विहाराच्या ग्रंथालयात ठेवावी. विहारांनीही आपल्या परिसरातील जुन्या घरांत कोणती रिळे, छायाचित्रे व ध्वनिफिती पडून आहेत याची नोंदवही आजच सुरू करावी, कारण ॲसिटेट फिल्मला एकदा व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला, की तिचे आयुष्य फार उरलेले नसते.

येत्या ६ डिसेंबरला जेव्हा ती दृश्ये पुन्हा आपल्या हाती येतील, तेव्हा ती पुढे पाठविण्यापूर्वी त्याखाली एक ओळ लिहावी : चित्रीकरणाचा ध्यास घेणारे, नामदेवराव व्हटकर. देणाऱ्याचे नाव घेतले, की घेणे हे घेणे राहत नाही, त्याचे ग्रहण होते.